‘क्यूक्यू+, एके’ म्हणजे नेमके किती हात?

पत्र

नमस्कार ताई,

मी २६ वर्षांचा आहे, पुण्यात नोकरी करतो. आम्ही चार मित्र दर शनिवारी रात्री टेक्सास होल्डेम (दोन पानं हातात, पाच पानं टेबलावर सगळ्यांची, असा पोकर) खेळतो. पैसे लावत नाही, नुसत्या चिप्स. आता जरा शिस्तीत अभ्यास करावा म्हणून एक सामायिक शीट केली आणि त्यात प्रत्येकाचे सुरुवातीचे हात एकेएस, क्यूजेओ, ७७+ अशा लिपीत भरतो (ए एक्का, के राजा, क्यू राणी, जे गुलाम, टी दश्शी; अधिक म्हणजे ‘आणि त्यावरचे’). मी १६९ हात पाढ्यांसारखे पाठ केले, तरी समोरच्याकडे काय असेल याचा अंदाज लागत नाही.

परवा ब्लाइंड (पानं बघण्याआधी दोघांनी सक्तीने लावायच्या चिप्स) ५०-१०० होते. माझ्याकडे राण्यांची जोडी, मी बोली वाढवून ३०० ची केली (रेझ). बटणावरच्या (म्हणजे पानं वाटणाऱ्याच्या जागेवरच्या) मित्राने त्याच्या सगळ्या २००० चिप्स लावल्या (ऑल-इन), ब्लाइंडवाल्या दोघांनी पानं टाकली. शीटवर त्याची रेंज, म्हणजे त्याच्याकडे असू शकणाऱ्या हातांची यादी, ‘क्यूक्यू+, एके’ अशी नोंदलेली होती. मी विचार केला: एए आणि केके मला मारतात, क्यूक्यू बरोबरीची, एकटं एके माझ्या मागे. चारात एक! म्हणून पानं टाकली. मित्र म्हणतो, चुकलास.

दुसरं भांडण ‘७६एस+’ या नोंदीवरून झालं, दोघांनी दोन अर्थ लावले. शिवाय कोणी गट वापरतं, कोणी गुण, कोणी टक्के. मी कोणती पद्धत धरू? वही मराठीत ठेवली तर चालेल का? आणि आता आम्हाला ओमाहा सुरू करायचं आहे, तिथे हीच लिपी चालते का? मला अरे-तुरे केलंत तर बरं वाटेल.

– पत्तेवेडा, पुणे

उत्तर

प्रिय पत्तेवेड्या,

आधी राण्यांच्या डावाचा हिशेब करू, कारण तुझ्या बाकीच्या बहुतेक प्रश्नांचं मूळ तिथेच आहे. तू यादीतली नावं मोजलीस. नावं चार आहेत हे खरं, पण त्या नावांखाली येणारे हात सारखे नाहीत, आणि लिपी ते आपणहून सांगत नाही.

एक कॅट घे. त्यातून चारी एक्के, चारी राजे आणि चारी राण्या काढून सतरंजीवर तीन ओळींत मांड. दोन राण्या उचलून स्वतःजवळ ठेव, त्या तुझ्या. आता मित्राच्या हाताची दोन-दोन पानं खरोखर उचलून बघ. एक्क्यांची जोडी किती प्रकारे बनते? इस्पिक-बदाम, इस्पिक-चौकट, इस्पिक-किलवर, बदाम-चौकट, बदाम-किलवर, चौकट-किलवर. सहा. राजांच्या जोड्याही सहा. राण्या दोनच उरल्या, त्यांची जोडी एकच. आणि एक्का-राजा? चारांतला कुठलाही एक्का, त्याच्याबरोबर चारांतला कुठलाही राजा, म्हणजे १६.

बेरीज कर: ६, ६, १ आणि १६, एकूण २९ कॉम्बो, म्हणजे दोन नेमक्या पानांच्या जुळण्या. त्यांतल्या १२ मध्ये तू मागे आहेस, एकात बरोबरी, आणि १६ मध्ये पुढे. चारात एक नव्हे, निम्म्याहून जास्त वेळा तू पुढे होतास.

पण लगेच मित्राला विजयी घोषित करू नकोस. पुढे असणं आणि जिंकणं यांत फरक आहे. एक्क्यांच्या किंवा राजांच्या जोडीसमोर राण्या साधारण १८-१९ टक्के वेळाच जिंकतात. एक्का-राजासमोर मात्र पुढे असूनही ५६ टक्क्यांच्या आसपासच. सगळं एकत्र केलं की या रेंजविरुद्ध तुझा वाटा ४० टक्क्यांच्या जवळ येतो. आता पॉट, म्हणजे मधे जमलेल्या चिप्स, बघ. तुझे ३००, त्याचे २०००, ब्लाइंडचे १५०, मिळून २४५०. तुला आणखी १७०० टाकायचे होते. १७०० भागिले ४१५०, म्हणजे कॉल (त्याच्या बोलीची बरोबरी करणं) परवडायला जवळपास ४१ टक्के हवेत. तुझ्याकडे ४०. इतका काठावरचा डाव आहे हा. पानं टाकलीस ते चुकलं नाही, पण ज्या कारणाने टाकलीस ते कारण साफ चुकीचं होतं, आणि त्याच कारणाने तू पुढच्या दहा डावांत महाग पडणारे निर्णय घेशील. म्हणून मी यावर इतकी अडून बसले आहे.

आता शीटवरची ती नोंद एका पायरीने बदलून बघ. ‘क्यूक्यू+’ ऐवजी ‘जेजे+’. गुलामांच्या जोडीचे सहा कॉम्बो वाढले, आणि त्यांच्यासमोर तू ८० टक्क्यांहून जास्त वेळा जिंकतोस. एकूण ३५ कॉम्बो झाले आणि तुझा वाटा ४७ टक्क्यांच्या आसपास गेला. आता कॉल सरळ आहे, विचार करायचंही कारण नाही. एका अक्षराच्या फरकाने निर्णय उलटला. तेव्हा मित्राशी वाद घालायचाच असेल तर तो या अक्षरावरून घाल: बटणावरून, चारच जणांच्या टेबलावर तो गुलामांची जोडी घेऊन खरंच ऑल-इन जात नाही का? ती नोंद कोणी केली, किती डाव बघून केली? मला तर ती फार आखडती वाटते.

तू १६९ हात पाठ केलेस म्हणतोस. त्याबरोबर तीनच आकडे पाठ हवे होते: सहा, चार, बारा. कुठलीही जोडी सहा प्रकारे येते. दोन वेगळ्या किमतींची एकाच रंगाची पानं, म्हणजे ज्याला आपण सूटेड म्हणतो आणि शेवटी एस लावतो, चार प्रकारे. वेगळ्या रंगाची, म्हणजे ऑफसूट, ज्याला ओ लावतो, बारा प्रकारे. जोड्या १३, सूटेड हात ७८, ऑफसूट हात ७८, मिळून तुझे १६९. कॉम्बो मात्र अनुक्रमे ७८, ३१२ आणि ९३६, मिळून १३२६. ५२ पानांतून दोन निवडायचे तेवढेच मार्ग आहेत. हातात जोडी येण्याची शक्यता १७ त एक असते ती याच हिशेबाने.

तुझ्या शीटवर १३ गुणिले १३ चा चौकोन असणारच. कर्णावर जोड्या, त्याच्या वर उजवीकडे सूटेड, खाली डावीकडे ऑफसूट. फार सोयीचा चौकोन आहे, मीही वापरते, पण तो डोळ्यांना फसवतो. दोन्ही त्रिकोण सारखे दिसतात आणि वजनात एक दुसऱ्याच्या तिप्पट आहे. महाराष्ट्राच्या नकाशावर गडचिरोली केवढा मोठा आणि मुंबई केवढीशी दिसते. माणसं मोजायची तर नकाशा उपयोगाचा नाही. एक्क्याची आडवी ओळ रंगव, एकेएस ते ए२एस: बारा घरं, ४८ कॉम्बो. आता एक्क्याचा उभा रकाना रंगव, एकेओ ते ए२ओ: घरं बाराच, कॉम्बो १४४. तुझा एखादा मित्र ‘कुठलाही एक्का’ खेळत असेल तर त्याच्या हातात बहुतेक वेळा ऑफसूट एक्काच असतो, आणि चौकोनाकडे नुसतं बघून हे कधीच लक्षात येत नाही. माझं ऐकशील तर घराघरात रंग भरण्याआधी पेन्सिलने ६, ४, १२ लिहून घे. महिनाभराने लिहायची गरज उरणार नाही.

हे आकडेही स्थिर राहत नाहीत, ही या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट आहे. प्रत्येक दिसलेलं पान काही कॉम्बो खाऊन टाकतं. समज, तुझ्या हातात राण्यांऐवजी एक्का-राजाच आहे आणि समोरच्याची रेंज तीच, ‘क्यूक्यू+, एके’. आता एक्के तीन उरले, त्यांच्या जोड्या तीनच. राजांच्याही तीन. राण्यांच्या सहा. एके तीन गुणिले तीन, नऊ. एकूण २१. ज्या दोन जोड्यांची तुला खरी भीती, त्या निम्म्यावर आल्या, केवळ तुझ्या हातातल्या दोन पानांमुळे. यालाच ब्लॉकर म्हणतात.

फ्लॉपवर, म्हणजे टेबलावर पहिली तीन सामायिक पानं उघडल्यावरही, हेच चालतं. बोर्डवर इस्पिकचा एक्का, बदामाची सत्ती, किलवरची दुर्री आली, आणि तुझ्याकडे या किमतींचं किंवा राजा-राणी असं काहीच नाही. समोरचा जोर लावतोय. त्याच्याकडे सेट (हातात जोडी आणि तिचंच तिसरं पान बोर्डवर) असेल का? एए चे तीन, ७७ चे तीन, २२ चे तीन, मिळून नऊ. आणि एके, एक्यू? प्रत्येकी तीन गुणिले चार, मिळून २४. त्यातही इस्पिकचा एक्का बोर्डवर गेल्याने एकेएस चारांचे तीन झाले आणि एकेओ बारांचे नऊ. ‘सेट असेल, सेट असेल’ म्हणून घाबरून पानं टाकणारे लोक हे मोजत नाहीत. अर्थात एए असता तर तो फ्लॉपआधीच आणखी चढला असता का, हेही बघायला हवं. तसं असेल तर ते तीनही वजा होतात.

आता अधिकच्या चिन्हाचं भांडण.

जोडीपुढे अधिक असेल तर कुणाचाच वाद नाही. ७७+ म्हणजे सत्तीच्या जोडीपासून एक्क्यांच्या जोडीपर्यंत, आठ जोड्या, ४८ कॉम्बो. दोन वेगळ्या पानांपुढे अधिक असेल तर रूढ नियम असा की मोठं पान जागेवर राहतं आणि छोटं वर चढत जातं, मोठ्याच्या एक पायरी खालीपर्यंत. एटीएस+ म्हणजे एटीएस, एजेएस, एक्यूएस, एकेएस, १६ कॉम्बो. केटीओ+ म्हणजे केटीओ, केजेओ, केक्यूओ, ३६ कॉम्बो.

हाच नियम ७६एस+ ला काटेकोर लावला तर सत्ती जागेवर राहते आणि छक्कीला चढायला जागाच नाही. म्हणजे ७६एस एवढाच हात, चार कॉम्बो, आणि अधिकचं चिन्ह फुकट. पण लिहिणाऱ्याने फुकट चिन्ह कशाला लावलं असतं? म्हणून पुष्कळ लोक लागून असलेल्या पानांपुरता वेगळा अर्थ घेतात: दोन्ही पानं एकेक पायरी चढवायची. ७६एस, ८७एस, ९८एस, टी९एस, जेटीएस, क्यूजेएस, केक्यूएस, एकेएस. आठ हात, ३२ कॉम्बो. तुम्हा दोघांपैकी एकाच्या डोक्यात चार होते आणि दुसऱ्याच्या ३२, मग भांडण होणारच. दोन्ही वाचनं प्रचारात आहेत, त्यामुळे कोण बरोबर हे ठरवत बसू नका. तुमच्या शीटवर लागून असलेल्या पानांना अधिक लावायला बंदी करा आणि रेघ वापरा: ‘७६एस–जेटीएस’. दोन्ही टोकं दिसली की शंका उरत नाही. एक पान सोडून असलेल्या हातांनाही रेघ चालते. ‘७५एस–टी८एस’ म्हणजे ७५, ८६, ९७, टी८. छोट्या सूटेड एक्क्यांनाही: ‘ए२एस–ए५एस’, १६ कॉम्बो. रेंज-मोजणीचे प्रोग्रॅमसुद्धा अधिकचं चिन्ह सगळे एकसारखं वाचत नाहीत. नवा प्रोग्रॅम घेतलास तर आधी त्यात ७६एस+ टाइप कर आणि तो किती कॉम्बो दाखवतो ते बघ.

असाच एक खड्डा शेवटच्या अक्षराचा आहे, आणि तो तुमच्या अजून लक्षात आलेला दिसत नाही. ‘एके’ एवढंच लिहिलं, ना एस ना ओ, तर आज त्याचा अर्थ दोन्ही मिळून १६ असा घेतात. जुन्या पुस्तकांत तसं नसतं. पोकरवरच्या पुस्तकांचे लेखक डेव्हिड स्क्लान्स्की आणि मेसन मॅल्मथ यांनी १९८० च्या दशकात सुरुवातीच्या हातांचे जे आठ गट छापले, त्यांत एकेएस पहिल्या गटात एए, केके, क्यूक्यू, जेजे यांच्या पंगतीला आहे, आणि नुसतं एके दुसऱ्या गटात. तिथे नुसत्या एकेचा अर्थ ऑफसूट, म्हणजे १२. तुमच्यातला कोणी जुना तक्ता बघून शीट भरत असेल आणि दुसरा आजच्या प्रोग्रॅममध्ये टाकत असेल, तर आकडे जुळणार नाहीत आणि कारणही सापडणार नाही. ओ लिहायचा कंटाळा करू नका.

यावरूनच तुझ्या तिसऱ्या प्रश्नाकडे येते. गट, गुण, टक्के यांपैकी काय धरायचं?

गटांचं काम वेगळं होतं. ते मुख्यतः मर्यादित बोलीच्या, नऊ-दहा जणांच्या भरलेल्या टेबलासाठी होते, आणि ‘या जागेवरून कोणत्या गटापर्यंत खेळावं’ एवढं नवख्याला पटकन सांगत. चौघांच्या टेबलावर, बिनमर्यादित बोलीत, त्यांचा आधार तुला मिळणार नाही. गणितज्ञ बिल चेन यांची गुणपद्धत मला त्याहून आवडते, कारण ती तोंडी करता येते. मोठ्या पानाचे गुण घ्यायचे: एक्का १०, राजा ८, राणी ७, गुलाम ६, दश्शीपासून खाली किमतीच्या निम्मे. जोडी असेल तर दुप्पट, पण पाचांपेक्षा कमी नाही. सूटेडला दोन जास्त. मधे एक पान सुटलं तर एक वजा, दोन सुटली तर दोन, तीनला चार, चार किंवा जास्त सुटली तर पाच. दोन्ही पानं राणीच्या खालची असून लागून किंवा एकच सोडून असतील तर एक जास्त. अर्धा उरला तर वर धरायचा. ७६एस चे बघ: साडेतीन, अधिक दोन, अधिक एक, साडेसहा, म्हणजे सात. राजा-दुर्री ऑफसूट: आठातून पाच गेले, तीन. एकेएस बारा, एए वीस. नवीन मित्राला टेबलावर बसवायचा असेल तर ही पद्धत त्याला जरूर शिकव. समोरच्याचा अंदाज घ्यायला मात्र तिचा उपयोग नाही, कारण गुणांवरून कॉम्बो कळत नाहीत.

टक्क्यांची भाषा सगळ्यात फसवी, कारण ती सगळ्यात शास्त्रीय वाटते. ‘तो वरचे १० टक्के खेळतो’ म्हणजे १३२६ पैकी साधारण १३३ कॉम्बो, इथवर ठीक. पण वरचे म्हणजे कोणत्या क्रमाने वरचे? कुठल्याही दोन पानांविरुद्ध कोण किती वेळा जिंकतो या क्रमाने लावलं तर राजा-दुर्री ऑफसूट ५० टक्क्यांच्या जरा वर आहे आणि ७६एस ५० च्या बरीच खाली. त्या क्रमाप्रमाणे राजा-दुर्री ‘वरचा’ हात ठरतो. कुठलाही जाणता खेळाडू फ्लॉप बघायला या दोघांतला कोणता हात घेईल, हे तुला माहीत आहे. म्हणून शीटवर नुसते टक्के लिहू नका. रेंज आधी, तिचे कॉम्बो बाजूला, आणि टक्के हवेच असतील तर सगळ्यात शेवटी. ‘क्यूक्यू+, एके, ३४, २.६ टक्के’ अशी ओळ दिसली की कुणालाही सगळं कळतं. तुला डावात २९ मिळाले ते तुझ्या दोन राण्यांनी पाच खाल्ले म्हणून.

पुढे कधी सॉल्व्हर (सर्वोत्तम चाल शोधून देणारा प्रोग्रॅम) वापरायला लागलास तर तिथे हाताला वजनही देतात. ‘एकेओ:०.५’ म्हणजे तो हात निम्म्या वेळाच या चालीत असतो. बाराचे सहा धरायचे. खऱ्या माणसांसाठी हे फार उपयोगी आहे, कारण कुणीच एखादा हात दर वेळी तसाच खेळत नाही.

टोपणनावांबद्दल तू विचारलं नाहीस, पण तू पाठवलेल्या शीटच्या तुकड्यात मला ‘ब्रन्सन’ अशी एक नोंद दिसली. अमेरिकी पोकर खेळाडू डॉइल ब्रन्सन यांनी १९७६ आणि १९७७ अशी सलग दोन वर्षं वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा जिंकली आणि दोन्ही वेळा शेवटच्या डावात त्यांच्या हातात दश्शी-दुर्री होती, म्हणून त्या हाताला त्यांचं नाव पडलं. १९७६ ची दोन्ही पानं इस्पिकची होती, १९७७ ची वेगळ्या रंगांची. टोपणनाव दोन्हींना एकच. बोलताना मजा म्हणून ते ठीक आहे, नोंदीत ते आलं की टी२एस चे चार आणि टी२ओ चे बारा एकात मिसळून जातात.

वही मराठीत ठेव, अगदी जरूर ठेव. पण पानांच्या खुणा ठरवताना जपून. एक पान, एक खूण हा या लिपीचा कणा आहे. दहाला १० न लिहिता टी लिहितात तो याचसाठी. आपल्याकडे राजा आणि राणी दोन्ही ‘रा’ ने सुरू होतात, तिथे पहिल्याच पानावर घोळ होईल. राजाला ‘बा’ लिही, बादशहाचा. राणीला ‘रा’ राहू दे. एक्का ‘ए’, गुलाम ‘गु’, दश्शी ‘द’, बाकी आकडे. रंगांना इ, ब, चौ, कि. यांत काहीच एकमेकांशी भिडत नाही. आणि इथे मराठी वहीचा एक खरा फायदा आहे. इंग्रजी लिपीत इस्पिकलाही एस आणि सूटेडलाही एस, त्यामुळे घाईत लिहिलेल्या नोंदीत ‘एस’ कशाचा हे पुष्कळदा कळत नाही. तू सूटेडला ‘सू’ आणि इस्पिकला ‘इ’ लिहिलंस की हा गोंधळ मुळातच संपतो. फक्त सामायिक शीट प्रचलित लिपीतच असू दे, कारण ती उद्या कुठल्या ना कुठल्या प्रोग्रॅममध्ये टाकावी लागेल.

वहीबाबत माझा आग्रह असेल तो आणखी एका गोष्टीचा. दिसलेलं आणि वाटलेलं वेगळं लिही. डावाच्या शेवटी मित्राने पानं उघडी केली, बदामाचा एक्का आणि बदामाचा राजा, तर ‘एब बाब’ असं रंगासकट लिही. तो एकच कॉम्बो आहे, आणि तो तू डोळ्यांनी बघितलास. तिथे ‘एकेएस’ लिहिलंस तर तीन न पाहिलेले कॉम्बो वहीत घुसले, आणि बोर्डवर दोन बदाम होते म्हणून तो तसा खेळला का, हे नंतर कधीच तपासता येणार नाही. याउलट त्याने पानं न दाखवता टाकली आणि तुला वाटलं की त्याच्याकडे छोटी जोडी असावी, तर कंसात ‘(२२–६६)’ लिही. तुमच्या शीटवर या दोन्ही गोष्टी एकाच रकान्यात, एकाच लिपीत आहेत. ‘क्यूक्यू+, एके’ ही नोंदसुद्धा दिसलेल्या हातांची आहे की कुणाच्या मताची, हे मला तिच्याकडे बघून सांगता आलं नाही.

पैसे न लावता खेळता हे वाचून बरं वाटलं, ते तसंच चालू ठेवा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी आली आहे, खेळ कौशल्याचा की नशिबाचा हा भेद न करता. ‘आता एवढा अभ्यास झालाय तर थोडे लावून बघू’ असं कुणी सुचवेल, तेव्हा त्याच्या मागे जाऊ नकोस. या हिशेबातला आनंद चिप्सवरही पुरेपूर मिळतो.

राहता राहिला ओमाहा. तिथे हातात चार पानं येतात आणि कॉम्बो होतात २,७०,७२५. रंगांची अदलाबदल एकच धरली तरी वेगळे हात १६,४३२ उरतात, त्यामुळे १३ गुणिले १३ चा चौकोन विसरायचा. तिथे किमती ओळीने लिहून पुढे रंगांची ठेवण लिहितात: डीएस म्हणजे दोन-दोन पानं दोन रंगांची, एसएस म्हणजे एकाच रंगाची एक जोडगोळी, आर म्हणजे चारी रंग वेगळे. ‘एएकेके डीएस’ हा हात कॉम्बोंत मोजून बघ: एक्के दोन निवडायचे सहा मार्ग, आणि राजे नेमके त्याच दोन रंगांचे हवेत, म्हणजे एकच. सहा कॉम्बो. तोच ‘एएकेके आर’ असेल तर राजे उरलेल्या दोन रंगांचे, पुन्हा सहा. आणि ‘एएकेके एसएस’ ला एक रंग सामाईक, दुसरा वेगळा: सहा गुणिले चार, २४. तिन्हींची बेरीज ३६, म्हणजे सहा गुणिले सहा, बरोबर जुळते. ओमाहात प्रत्येक नव्या हातासाठी अशी बेरीज जुळवून बघायची सवय लाव. पहिले काही आठवडे टेबलावर बसण्याआधी वहीत एवढंच केलंत तरी पुरे.

– तुझी ताई